ती देशभक्ती, ते देशप्रेम, तो देशाभिमान

ऑगस्ट जवळ आला की या सदराकडे येणाऱ्या प्रश्नांचा रंगच बदलतो. एरवी वेलांट्या, उकार आणि 'हा शब्द फारसी की संस्कृत' यात दिवस जातात, पण यावेळी पत्र म्हणा मेल म्हणा व्हॉट्सअ‍ॅप म्हणा, बरेचसे प्रश्न 'देशभक्ती' या एका शब्दाभोवतीच फिरतायत. काही प्रश्न तर एकमेकांशी भांडणारे आहेत, ते मुद्दाम घेतलेत. नावं छापू नका असं अनेकांनी लिहिलंय म्हणून कोणाचंच छापत नाही, फक्त गाव.

प्रश्न (बार्शी) : मी शिक्षिका आहे. आठवीच्या वर्गात देशभक्ती, देशप्रेम, देशाभिमान, राष्ट्रभक्ती हे समानार्थी म्हणून फळ्यावर लिहिले तर एक मुलगी म्हणाली, मॅडम सगळ्यांचा अर्थ एकच असेल तर चार कशाला, एक पुरला असता की. काय सांगू तिला?

उत्तर : आधी शाबासकी द्या, कारण समानार्थी शब्दांची यादी पाठ करणारी मुलं पुष्कळ असतात, तिच्यावर शंका घेणारी कमी.

ताई, तिला सांगा की अर्थ बघायच्या आधी शब्दासोबत कोणतं क्रियापद चालतं ते बघ. देशावर प्रेम करता येतं. देशाचा अभिमान वाटतो, बाळगता येतो. देशाशी निष्ठा राखता येते. आता देशभक्तीला असं एखादं क्रियापद लावून बघा. 'मी रोज देशभक्ती करतो' असं कोणी म्हणालं तर आपण त्याच्याकडे जरा वेगळ्या नजरेने बघू. विठ्ठलाची भक्ती करतो हे चालतं, देशाची भक्ती करतो हेही ओढूनताणून चालेल, पण 'देशभक्ती करतो' कानाला खटकतंच. मग देशभक्ती काय करते? ती जागी होते, उफाळून येते (क्रिकेटची मॅच असेल तर जास्तच), गाण्यातून ओसंडते, दुसऱ्याला शिकवली जाते, दुसऱ्याची तपासली जाते, आणि भांडण पेटलं की 'मला देशभक्ती शिकवू नकोस' हे वाक्य येतंच येतं. म्हणजे प्रेम, अभिमान, निष्ठा हे शब्द माणूस स्वतःबद्दल सहज वापरतो, देशभक्ती मात्र बहुतेक वेळा दुसऱ्याबद्दल बोलताना येते. फलाणा मोठा देशभक्त होता, ढमक्याकडे देशभक्ती नाही. स्वतःबद्दल 'मी देशभक्त आहे' म्हणणारा माणूस भाषण तरी करत असतो नाहीतर वाद तरी घालत असतो.

आणि आपल्या मुलांना हे रोज ऐकायला मिळतं हो, फक्त लक्ष जात नाही. शाळेतली प्रतिज्ञा आठवा. 'माझ्या देशावर माझे प्रेम आहे', पुढे परंपरांचा 'अभिमान' आहे, त्या परंपरांचा 'पाईक' होण्याची पात्रता यावी म्हणून प्रयत्न करीन, आणि शेवटी 'माझा देश आणि माझे देशबांधव यांच्याशी निष्ठा' राखण्याची प्रतिज्ञा. प्रेम आलं, अभिमान आला, निष्ठा आली, देशभक्ती हा शब्द कुठेच नाही! ही प्रतिज्ञा मुळात तेलुगूत १९६२ साली पैडिमर्री वेंकट सुब्बाराव यांनी लिहिली, ते तेव्हा विशाखापट्टणमला सरकारी नोकरीत होते, तिथून ती देशभर गेली. मराठी ज्याने केली त्याने शब्द फार नेमके ठेवलेत असं मला वाटतं. निष्ठा नुसती देशाशी नाही, देशबांधवांशीही आहे, आणि लगेच पुढे 'त्यांचे कल्याण आणि त्यांची समृद्धी' यातच माझं सौख्य आहे असं म्हटलंय. निष्ठा कोणाशी हे विचारलं तर प्रतिज्ञेत त्याचं उत्तर माणसांपर्यंत येऊन पोचतं.

उरला राष्ट्रभक्ती. देश आणि राष्ट्र आपण एकाच श्वासात म्हणतो पण दोन्ही अदलाबदल करून बघा. मायदेश आहे, मायराष्ट्र नाही. राष्ट्रवाद आहे, देशवाद कोणी म्हणत नाही. गाय देशी असते, महामार्ग राष्ट्रीय असतो, बँक राष्ट्रीयीकृत असते. परदेशी गेलेल्या मुलाला देशाची आठवण येते, राष्ट्राची येत नाही. देश म्हटलं की माती, पाऊस, माणसं, खाणंपिणं असं सगळं येतं आणि राष्ट्र म्हटलं की ध्वज, घटना, सीमा, सरकारी शिक्का. म्हणून राष्ट्रभक्ती म्हणणारा माणूस थोडा जास्त राजकीय बोलत असतो, चांगल्या किंवा वाईट कुठल्याही अर्थाने घ्या.

आणि जाता जाता लिंग बघा, ती देशभक्ती, ते देशप्रेम, तो देशाभिमान. तिन्ही लिंगं झाली. याच्यात काही गूढ नाही, भक्ती-प्रेम-अभिमान या शब्दांची लिंगं आहेत ती, पण वर्गात मजा येईल.

प्रश्न (परभणी) : समूहगीत स्पर्धेच्या बॅनरवर 'देशभक्तीपर' छापू की 'देशभक्तिपर'? प्रिंटर म्हणतो दोन्ही चालतं.

उत्तर : प्रिंटरला काय, त्याला दोन्हीचे पैसे सारखेच. नियमाप्रमाणे 'देशभक्तिपर', ऱ्हस्व. मराठी साहित्य महामंडळाचे लेखनाचे नियम सरकारने १९६२ मध्ये मान्य केले, पहिले १४ आणि १९७२ मध्ये आणखी ४, त्यात असं आहे की भक्ति, शक्ति, कवि, गुरु असे संस्कृतातून आलेले ऱ्हस्वान्त शब्द मराठीत एकटे आले की शेवटचं अक्षर दीर्घ लिहायचं (भक्ती, शक्ती, कवी, गुरू), पण समासात आधी आले की मूळचं ऱ्हस्व ठेवायचं. म्हणून देशभक्ती, पण देशभक्तिपर, देशभक्तिगीत. शक्ती पण शक्तिपीठ, कवी पण कविसंमेलन. सगळा महाराष्ट्र 'देशभक्तीपर' लिहितो हे मला माहितीये, तरी बॅनर मोठा असेल तर बरोबर छापा, फोटोत दिसतं.

प्रश्न (चिपळूण) : आमची आजी 'ते देशावर गेलेत' म्हणायची, म्हणजे कराड-साताऱ्याकडे. मग कोकण देशात नाही का?

उत्तर : आजीचं अगदी बरोबर होतं, आणि तुमचा प्रश्न या सगळ्या प्रश्नांत मला सगळ्यात आवडला.

संस्कृतात 'दिश्' म्हणजे दाखवणं, त्यावरून दिशा, आदेश, उपदेश आणि देश. देश म्हणजे बोट करून दाखवता येईल असा भाग, प्रदेश. किती मोठा ते ठरलेलं नाही. मराठीत सह्याद्रीच्या वरचं पठार ते 'देश' आणि खालची किनारपट्टी ते कोकण, म्हणून देशस्थ आणि कोकणस्थ, म्हणून तुमच्या आजीचं देशावर जाणं. देशमुख आणि देशपांडे या आडनावांतला देश तर त्याहून छोटा, एक परगणा, काही गावांचा समूह. देशमुखाकडे वसुली आणि बंदोबस्त, देशपांड्याकडे हिशेब. ज्ञानेश्वरीत 'देशी' म्हणजे आपली मराठी भाषा, संस्कृतच्या समोर उभी केलेली. आणि परदेशी म्हणजे उत्तरेकडून आलेला माणूस, महाराष्ट्रात कित्येक पिढ्या राहिलेल्यांचं परदेशी हे आडनाव आजही आहे, त्यांना विलायतेचा वारा लागलेला नाही. 'देश तसा वेश' किंवा 'देशोधडीला लागणे' यातला देशसुद्धा पासपोर्टवाला नाही, आपला मुलूख सुटला, झालं देशोधडी.

मग सगळा हिंदुस्थान म्हणजे 'देश' हे कधीपासून? एकदम कुठल्या तारखेला असं होत नाही, पण एकोणिसाव्या शतकात मुंबई-पुण्याच्या छापील मराठीत हा अर्थ पक्का झाला. बाळशास्त्री जांभेकरांचं दर्पण हे वृत्तपत्र १८३२ मध्ये सुरू झालं, लोकहितवादींची शतपत्रं १८४८ पासून प्रभाकर साप्ताहिकात यायला लागली (लोकहितवादी म्हणजे गोपाळ हरी देशमुख, आडनावात परगण्याचा देश आणि लिहिण्यात सगळ्या हिंदुस्थानचा). १८७० मध्ये पुण्यात सार्वजनिक सभा निघाली, तिचे गणेश वासुदेव जोशी, ज्यांना लोक सार्वजनिक काका म्हणायचे, ते हाताने कातलेल्या सुताचे कपडे घालून १८७७ च्या दिल्ली दरबाराला गेले. गांधीजी तेव्हा ८ वर्षांचे पण झाले नव्हते, हे खादीबद्दल बोलताना आपण विसरतो. आणि विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी निबंधमाला हे आपलं मासिक बंद करताना जो शेवटचा मोठा निबंध लिहिला त्याचं नाव 'आमच्या देशाची स्थिति', तो पुढे इंग्रज सरकारने जप्तच केला. इथे 'आमच्या देशाची' म्हणताना चिपळूणकरांच्या डोळ्यासमोर घाटमाथा नव्हता हे उघड आहे. तेव्हा देशभक्ती, देशाभिमान, देशहित हे जे जोडशब्द आपण वापरतो ते या नव्या, मोठ्या 'देशा'वर उभे आहेत. तुमच्या आजीच्या देशावरून देशभक्ती तयार झाली असती तर ती साताऱ्यापुरती राहिली असती आणि कोकणाला वेगळी करावी लागली असती!

प्रश्न (कोल्हापूर) : व्हॉट्सअ‍ॅपवर शिवाजी महाराजांच्या तोंडी 'देशभक्ती' शब्द घातलेले मेसेज फिरतात. तेव्हा हा शब्द होता का?

उत्तर : मेसेज लिहिणाऱ्याची भावना समजू शकतो पण शब्द आजचा आहे. त्या काळची भाषा वेगळी आहे आणि माझ्या मते जास्त रसरशीत आहे. स्वराज्य हा शब्द होता, राज्य होतं, मुलूख होता, रामदासांच्या ओळीमुळे प्रसिद्ध असलेला महाराष्ट्र धर्म होता. आणि माणसाने कसं वागावं याचे शब्द होते इमान, स्वामिनिष्ठा, आणि सगळ्यात जोरदार म्हणजे मीठ. खाल्ल्या मिठाला जागणं. नमकहराम ही शिवी तिथलीच. यात निष्ठा नकाशाशी नसून धन्याशी आहे, ज्याने पोसलं त्याच्याशी.

अडचण अशी की धनी बदलला की मीठ पण बदलतं. आणि इथे 'वतन' येतं. हिंदी-उर्दू गाण्यांत वतन म्हणजे मायभूमी, 'ए वतन' म्हटलं की डोळे ओले. मराठीत वतन म्हणजे पाटीलकी, कुलकर्णी, देशमुखी, पिढ्यानपिढ्या चालणारा हक्क आणि त्याबरोबरची जमीन. शब्द एकच, मूळ अरबी, पण मराठीत येऊन तो सातबाऱ्यावर चढला. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात (मराठेशाहीतला राज्यकारभारावरचा ग्रंथ) वतनदारांवर एक अख्खं प्रकरण आहे आणि त्यात त्यांना राज्याचे दायाद म्हटलंय, दायाद म्हणजे वाटणी मागणारे भाऊबंद. कारण स्पष्ट आहे, शत्रू चालून आला की वतनदार पहिल्यांदा वतन वाचवायचा, त्यासाठी तिकडे जाऊन मिळायचा. म्हणजे हिंदीत ज्या शब्दाने देशासाठी जीव द्यायचा तोच शब्द मराठी इतिहासात राज्याशी फितूर होण्याचं कारण म्हणून येतो. आणि वतनाची दुसरी बाजूही आहे, महार वतन, म्हणजे गावाची वेठबिगार, जे मोडायला डॉ. आंबेडकर १९२८ पासून मुंबई कौन्सिलात बिल घेऊन झगडत होते आणि कायदा व्हायला १९५८ उजाडलं. म्हणून मराठीत 'वतनपरस्त' लिहू नका, वाचणाऱ्याला जमिनीची केस आठवेल.

प्रश्न (पुणे) : टीव्हीवर देशद्रोह आणि राजद्रोह एकच असल्यासारखं बोलतात. कायद्यात नक्की काय आहे?

उत्तर : एक नाहीत, आणि हा घोळ साधासुधा नाही. राजद्रोह म्हणजे राज्य करणाऱ्याविरुद्ध, देशद्रोह म्हणजे देशाविरुद्ध. इंग्रजांच्या काळात तर दोन्ही एकमेकांच्या विरुद्ध टोकाला होते, जो जितका मोठा देशभक्त तितकी त्याच्यावर राजद्रोहाची केस होण्याची शक्यता जास्त. सरकारला हवी होती राजनिष्ठा आणि रावबहादूर वगैरे पदव्या तिच्यासाठी मिळायच्या.

राजद्रोहाचं १२४अ हे कलम भारतीय दंड संहितेत १८७० मध्ये आलं. त्याच्या मराठी रूपात एक सुंदर आणि भयंकर शब्द आहे, 'अप्रीती'. सरकारविषयी अप्रीतीची भावना चेतवली तर गुन्हा. १८९७ च्या टिळकांच्या खटल्यात न्यायमूर्ती स्ट्रॅचींनी ज्युरीला याचा अर्थ सांगितला तो असा की प्रीती नसणं म्हणजेच अप्रीती. म्हणजे सरकारवर प्रेम नसलं तरी झालं! पुढच्याच वर्षी कायद्यात दुरुस्ती करून याची व्याख्या आणखी लांबवली. मग १९०८ चा खटला, केसरीतले दोन लेख, 'देशाचे दुर्दैव' आणि 'हे उपाय टिकाऊ नाहीत'. टिळकांनी स्वतः बाजू मांडली, कित्येक दिवस बोलत होते, आणि त्यातला मोठा भाग भाषांतरावर होता, की तुम्ही माझ्या मराठी शब्दांचं इंग्रजी जे केलंय तेच मुळात चूक आहे. ज्युरीत ७ युरोपियन आणि २ पारशी, लेख मराठीत आणि ते मराठीत वाचू शकणारं ज्युरीत कोणी नाही. निकालही ७ विरुद्ध २. न्यायमूर्ती दावर यांनी ६ वर्षांची काळ्या पाण्याची शिक्षा दिली आणि १००० रुपये दंड, मग टिळक मंडालेला. शब्दाचा अर्थ काढताना किती काळजी घ्यावी हे सांगायला मला याहून चांगलं उदाहरण सापडत नाही.

आजचं विचाराल तर मे २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाने १२४अ ला स्थगिती दिली आणि १ जुलै २०२४ पासून नवी भारतीय न्याय संहिता लागू झाली त्यात राजद्रोह हा शब्द राहिलेला नाही. त्याऐवजी कलम १५२ आहे, भारताचं सार्वभौमत्व, एकता, अखंडता धोक्यात आणणाऱ्या कृतीबद्दल. जुनं कलम गेलं की नुसतं कपडे बदलून आलं यावर वकिलांमध्ये जोरात वाद आहे. पण 'देशद्रोही' हा शब्द १५२ मध्येही नाही, तो टीव्हीवरचा आणि चहाच्या टपरीवरचा आहे, तेव्हा कोणी कोणाला तसं म्हणालं तर कलम कुठलं ते विचारा.

प्रश्न (इचलकरंजी) : आमच्याकडे 'देशभक्त रत्नाप्पाण्णा कुंभार' असंच म्हणतात, देशभक्त लावल्याशिवाय नाव पुरं होत नाही. ही पदवी कोण देतं?

उत्तर : कोणी देत नाही, लोक लावतात आणि ती चिकटते. रत्नाप्पाण्णा कोल्हापूर संस्थानच्या प्रजापरिषदेत लढले, भूमिगत राहिले, घटना समितीत होते, पुढे खासदार, मंत्री, पंचगंगा साखर कारखाना उभा केला. त्यांना पद्मश्रीही मिळाली होती पण ती कोणी नावाआधी लावत नाही, देशभक्त लावतात, कारखान्याच्या नावात सुद्धा तेच आहे. पुण्यात स्वारगेटच्या चौकाला देशभक्त केशवराव जेधे यांचं नाव आहे, रिक्षावाला 'जेधे चौक' म्हणतो ती गोष्ट वेगळी. तिकडे आंध्रात कोंडा वेंकटप्पय्या यांच्या नावाआधी पण देशभक्त हेच लागतं. त्या पिढीत अशा पदव्यांची रेलचेल होती, लोकमान्य, देशबंधू चित्तरंजन दास, देशरत्न राजेंद्रप्रसाद, सेनापती बापट, क्रांतिसिंह नाना पाटील. सरकारी पदवीला लोकांनी दिलेलं ते उत्तरच होतं, तुम्ही रावबहादूर करा, आम्ही देशभक्त करतो.

स्वातंत्र्यानंतर घटनेच्या कलम १८ ने सरकारने पदव्या देणं बंदच केलं, आणि पद्म पुरस्कारांबद्दल सुप्रीम कोर्टाने १९९५ मध्ये सांगितलं की पुरस्कार चालेल पण नावाच्या मागेपुढे लावायचा नाही. सरकारी कागदावर शब्द आहे स्वातंत्र्यसैनिक. त्याच्या पेन्शनला तुरुंगवास किती, भूमिगत किती महिने, त्याचा दाखला कुठाय, असं सगळं मोजलं जातं. देशभक्त मोजायचा कागद सरकारकडे नाही आणि नाही तेच बरं. आणखी एक, बाईंसाठी वेगळं रूप शोधू नका. 'त्या देशभक्त होत्या' असंच लिहायचं, 'देशभक्ता' वगैरे काही नको.

प्रश्न (नागपूर) : देशाच्या बाबतीत 'भक्ती' हा शब्दच मला नको वाटतो. भक्ती म्हणजे प्रश्न न विचारणं. तुमचं मत?

उत्तर : तुमच्या बाजूने फार मोठा साक्षीदार आहे. २५ नोव्हेंबर १९४९ ला घटना समितीतल्या शेवटच्या मोठ्या भाषणात डॉ. आंबेडकर म्हणाले होते की धर्मात भक्ती आत्म्याच्या मुक्तीचा मार्ग असू शकेल, पण राजकारणात भक्ती, विभूतिपूजा हा अधोगतीकडे आणि शेवटी हुकूमशाहीकडे नेणारा हमखास रस्ता आहे. पण लक्ष द्या, त्यांचा रोख माणसांच्या भक्तीवर होता. त्याच भाषणात ते जातींना राष्ट्रविरोधी म्हणतात, म्हणजे राष्ट्र व्हावं ही तळमळ तिथे पुरेपूर आहे.

आता शब्दाचं मूळ बघा, कदाचित तुमचा राग थोडा कमी होईल. 'भज्' या धातूचा जुना अर्थ वाटणं, वाटा देणं, वाटा घेणं. त्यावरून भाग, विभाग, विभक्त, भावकीत वाटण्या झाल्या की आपण विभक्त झालो म्हणतो ते. आपल्या ताटातला 'भात' सुद्धा संस्कृत 'भक्त' वरूनच, वाट्याला आलेलं अन्न. म्हणजे भक्त हा मुळात वाटा असलेला, सहभागी झालेला माणूस. पूजा करणारा हा अर्थ नंतर ठळक झाला.

आणि हा वाट्याचा अर्थ मनात ठेवून १४ ऑगस्ट १९३१ ची मुंबईतल्या मणिभवनातली भेट वाचा. आंबेडकर गांधीजींना म्हणाले, मला मायभूमी नाही. गांधीजी म्हणाले, आहे, आणि गोलमेज परिषदेतलं तुमचं काम ऐकून मी जाणतो की तुम्ही अस्सल देशभक्त आहात. आंबेडकरांनी ते कौतुक बाजूला ठेवलं आणि विचारलं की जिथे आम्हाला कुत्र्यामांजरापेक्षा वाईट वागवतात, पाणी प्यायला मिळत नाही, ती भूमी माझी कशी म्हणू. वाटाच दिलेला नाही आणि भक्त म्हणताय! माझ्या मते देशभक्ती या शब्दाची मराठी माणसाने केलेली याहून कडक तपासणी दुसरी नाही, आणि ज्याने ती केली त्यानेच पुढे घटना लिहून सगळ्यांचा वाटा कागदावर आणला.

तेव्हा शब्द टाकून द्यावा असं मला वाटत नाही, पण तुम्हाला देशप्रेम जवळचं वाटत असेल तर खुशाल तेच वापरा, अर्थात काही बिघडत नाही. बाकी गेल्या काही वर्षांत नुसता 'भक्त' आणि 'अंधभक्त' हे राजकीय टोमणे झालेत, त्याला समोरून 'चमचा' आणि 'गुलाम' हे उत्तर येतं, आणि त्याची झळ देशभक्त या शब्दालाही लागलीय. निदान लिहिताना तरी देशभक्तला अवतरण चिन्हात घालून त्याची टिंगल करायची सवय मला आवडत नाही, कोणत्याही पक्षाच्या माणसाने केली तरी.

प्रश्न (न्यू जर्सी) : इथलं नागरिकत्व घेताना शपथ घेतली. आता पंधरा ऑगस्टला मंडळाच्या कार्यक्रमात निवेदन करायचंय. 'आम्ही देशभक्त' म्हणू का? नातेवाईक चिडवतात.

उत्तर : नातेवाईकांचं कामच ते आहे. तुम्ही बार्शीच्या ताईंचं उत्तर वाचा वर, ते तुम्हालाही लागू पडतं. प्रेम दोन ठिकाणी असू शकतं, अभिमानही. निष्ठेचं मात्र कायद्यात खातं एकच उघडतं, अमेरिकेच्या शपथेत तर आधीच्या सगळ्या निष्ठा सोडल्या असं स्पष्ट म्हणावं लागतं, आणि आपल्याकडेही दुहेरी नागरिकत्व नाही, दुसऱ्या देशाचं घेतलं की इथलं जातं. २००५ पासून ओसीआय (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया) कार्ड मिळतं पण नावात नागरिक असलं तरी तो आजीवन व्हिसाच आहे, मत देता येत नाही. म्हणून निवेदनात 'मायदेश', 'मातृभूमी', 'भारतावरचं प्रेम' हे शब्द बिनधास्त वापरा, ते पासपोर्ट बघत नाहीत. 'आम्ही देशभक्त' नको, आणि त्याचं कारण तुमचं नागरिकत्व नाही, स्वतःला देशभक्त म्हणणं मराठीत इथे राहूनही शोभत नाही म्हणून. 'देशबांधवांनो' अशी सुरुवात केलीत तर समोर बसलेल्या तिथल्या जन्माच्या मुलांना प्रश्न पडेल की कुठल्या देशाचे, तेव्हा साधं 'मंडळी' म्हणा.

प्रश्न (डोंबिवली) : 'जन गण मन' राष्ट्रगीत की राष्ट्रगान? सूत्रसंचालनात दरवर्षी यावरून वाद होतो.

उत्तर : दोघंही आपापल्या भाषेत बरोबर असतात म्हणून वाद संपत नाही. मराठीत 'जन गण मन' हे राष्ट्रगीत, शाळेच्या पुस्तकात पहिल्या पानांवर तसंच छापलेलं असतं. हिंदीत त्यालाच राष्ट्रगान म्हणतात आणि 'वंदे मातरम्' ला राष्ट्रगीत, आणि हिंदी बातम्या ऐकून ऐकून आपल्याकडे गोंधळ झाला. २४ जानेवारी १९५० ला घटना समितीत राजेंद्रप्रसादांनी जाहीर केलं की 'जन गण मन' हे राष्ट्रगीत आणि स्वातंत्र्यलढ्यात ऐतिहासिक वाटा असलेल्या 'वंदे मातरम्' चा मान त्याच्या बरोबरीचा. कार्यक्रम मराठी असेल तर सरळ म्हणा, 'आता राष्ट्रगीत होईल, सर्वांनी उभं राहावं', आणि वंदे मातरम् असेल तर त्याचं नावच घ्या. माइक बंद करायला सांगायचं विसरू नका, मागच्या खुर्च्या सरकवल्याचा आवाज त्यात फार येतो.